तोफरावांची दुसरी लढत

हरलेला बॉक्सर म्हणजे संपलेला बॉक्सर नव्हे, हे वाक्य तोफराव दिवसातून किमान चार वेळा म्हणायचे. तेही इस्त्री करता करता. लाँड्रीत शर्टांचं टेबल त्यांच्याकडे होतं. कॉलरवर इस्त्री दाबत ते गिऱ्हाइकाला समजावून सांगत, की जगात असे कितीतरी बॉक्सर होऊन गेले, जे एकदा सपाटून आपटले, लोकांनी त्यांच्या नावावर पाणी सोडलं, आणि मग त्याच माणसाशी पुन्हा लढून त्यांनी त्याला लोळवलं. त्यानंतर त्यांचं नशीब असं काही फळफळलं की सांगता सोय नाही.

"मला फक्त ती दुसरी लढत मिळू दे," तोफराव म्हणत.

"कॉलर जळतेय," गिऱ्हाईक म्हणे.

पहिली लढत दोन वर्षांपूर्वी झाली होती. 'तोफ' हे नाव त्यांच्या बॉक्सिंगच्या मास्तरांनी दिलेलं, उजव्या हाताच्या ठोशावरून. ठोसा खरोखरच तोफेसारखा होता: एकदा उडाला की पुन्हा भरायला बराच वेळ लागायचा. सहा फेऱ्यांच्या त्या लढतीत तिसऱ्या फेरीतच त्यांचा भाता बंद पडला. समोरच्याने कुलूप लागलंय का बघावं तसं नुसतं ढकललं, आणि तोफराव आडवे झाले. पंच मोजत होते ते सगळं त्यांना ऐकू येत होतं. पण खाली इतकं गार आणि निवांत वाटत होतं, की उठायचं जिवावर आलं. त्यानंतर लढती भरवणाऱ्या मॅनेजरचा एकदाच फोन आला, हॉलच्या पडद्यांना इस्त्री करून मिळेल का हे विचारायला.

त्यातून जखमेवर मीठ म्हणजे, ज्याने हरवलं तो त्यांच्याच भागातला पोस्टमन. रोज सकाळी दारात हजर. माणूस इतका सज्जन, की त्या लढतीचा कधी अवाक्षरानेही उल्लेख नाही. पार्सल द्यायचा, सही घ्यायचा आणि जाताना आपुलकीने विचारायचा, "तब्येत बरी आहे ना?" त्या आपुलकीने तोफरावांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

शेवटी त्यांनी मॅनेजरला पत्र लिहिलं. चार वेळा खाडाखोड केली, पाकिटावर ठळक अक्षरांत 'आव्हान' असं लिहिलं आणि पेटीत टाकलं. तिसऱ्या दिवशी ते परत आलं. तिकीट कमी लावलं होतं. परत घेऊन आला अर्थातच पोस्टमन.

"हे आव्हान मलाच आहे का?" त्याने विचारलं.

तोफरावांनी जमिनीकडे बघत होकार दिला.

"मग हातातच द्यायचं. मलाही लढत हवीच आहे. तुम्हाला हरवलं ते कुणी हिशेबातच धरत नाही."

अपमान झाला की मदत झाली, हे तोफरावांना रात्रीपर्यंत ठरवता आलं नाही. पण पोस्टमन स्वतः मॅनेजरकडे गेला आणि लढत ठरली. मॅनेजरने तोफरावांना बजावून सांगितलं, की यावेळी हरलात तर पुन्हा या हॉलची पायरी चढायची नाही, पडद्यांसाठीसुद्धा नाही.

तोफराव इरेला पेटले. घराच्या दाराला आतून एक खुंटी होती, तिला त्यांनी उशी टांगली. सकाळ-संध्याकाळ त्या उशीवर ठोसे सुरू झाले. त्यांची बायको दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस होती. तिने दाराला आतून कडी घालायला सांगितलं होतं. त्यांनी ऐकलंही होतं, घातली मात्र नव्हती.

लढतीला दहा दिवस राहिले होते. तोफरावांनी डोळे बारीक केले, श्वास रोखला आणि आयुष्यातला सर्वांत सुंदर ठोसा उशीवर सोडला. नेमकं त्याच क्षणी दार उघडलं. दाराबरोबर उशी बाजूला गेली आणि उशीच्या जागी पोस्टमनचा चेहरा आला.

पोस्टमन तीन पायऱ्या उताणा खाली गेला आणि पाकिटांच्या ढिगात पडून राहिला. तोफराव सवयीप्रमाणे मागे सरून कोपऱ्यात उभे राहिले.

"कोपऱ्यात काय उभे राहता? पाणी आणा," म्हणत बायको बाहेर धावली. तिने त्याचा जबडा तपासला. दात शाबूत होते, पण डाव्या गालाचा पाव झाला होता आणि घोटा मुरगळला होता.

पोस्टमनने डोळे उघडले. "ठोसा चांगला होता," तो म्हणाला. "तेव्हा का नाही मारलात?" मग त्याला आठवलं, की आजचं टपाल तसंच राहिलंय.

तिघांनी बसून विचार केला. खरं सांगावं तर कामावरच्या माणसाला दारात मारल्याचा गुन्हा लागणार, शिवाय लढत रद्द होणार. तेव्हा पोस्टमन पायऱ्यांवरून घसरला, असंच सांगायचं ठरलं. फक्त आठवडाभर त्याला जिने चढता येणार नव्हते, आणि त्या भागातल्या एकाही चार मजली इमारतीला लिफ्ट नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून लोकांना एक अजब दृश्य दिसू लागलं. पोस्टमन सायकलच्या कॅरियरवर बसून पाकिटं लावतोय, तोफराव सायकल ढकलताहेत, आणि इमारत आली की पाकिटं घेऊन धावत वर जाताहेत. बघणाऱ्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. माणूस नुसता हरला नाही, आता जिंकणाऱ्याच्या घरी पाणी भरतोय, अशी बातमी पार बाजारापर्यंत गेली.

चौथ्या मजल्यावरच्या एका आजींनी त्यांना निरखून पाहिलं. "तुम्ही ते पडलेले ना?"

"हो," तोफराव धापा टाकत म्हणाले. "इथे सही करा."

मास्तरांनी बोलणं टाकलं. लाँड्रीत गिऱ्हाइकं आपल्या शर्टांबरोबर पोस्टमनच्या गणवेशाचीही चौकशी करू लागली. प्रत्येक जिन्यावर तोफरावांच्या ओठांपर्यंत येई, की अहो, मी त्याला एका ठोशात झोपवलंय. आयुष्यात एकदाच असं घडलं होतं, आणि तेच नेमकं सांगायची चोरी होती. घरी यावं तर पोस्टमन त्यांच्याच खुर्चीत पाय वर करून बसलेला, आणि चावायला त्रास होतो म्हणून बायको त्याला मऊ भात आणि सूप वाढतेय. उपाशीपोटी वजन राखणारे तोफराव शेजारी बसून वास घेत.

लढतीची सगळी तिकिटं मात्र संपली. हा गडी आपल्या साहेबावर हात उचलतो तरी का, हे सगळ्यांनाच बघायचं होतं.

पहिल्या दोन फेऱ्या ठीक गेल्या. तिसऱ्या फेरीनंतर अबोला धरलेले मास्तरही टॉवेल आणि पाणी घेऊन तयारीत होते. तोफरावही आता आपला दम संपेल म्हणून वाट बघत होते. तो काही संपेना. चौथी फेरी झाली, पाचवी झाली. आठवडाभर जिने तुडवलेले पाय घट्ट उभे होते. उलट, इतके दिवस बसून सूप प्यायलेला पोस्टमनच भात्यासारखा वाजत होता.

सहाव्या फेरीत तोफरावांनी उजवा हात मागे घेतला. पोस्टमनचा डावा गाल अजून दुखतो, हे त्या हॉलमध्ये फक्त त्यांना आणि त्यांच्या बायकोला माहीत होतं. तिथे मारणं त्यांच्या जिवावर आलं. ज्याचं टपाल वाटलं, त्याच्या दुखऱ्या गालावर कसं मारायचं? त्यांनी हात बदलला आणि डाव्या हाताने दुसऱ्या गालावर मारलं. पोस्टमनने दोन्ही हात दुखऱ्या बाजूला धरले होते. दुसरी बाजू सताड उघडी होती. तो हळूच खाली बसला, आणि पंचांचे दहा आकडे संपले तरी उठला नाही.

लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. कपडे बदलायच्या खोलीत मॅनेजर तीन नव्या लढती घेऊन आला. मास्तरांनी डोळे पुसत मिठी मारली आणि विचारलं, डाव्या हाताची ही चाल कुठे शिकलास. मागोमाग पोस्टमनही अभिनंदन करायला आला.

आता मात्र तोफरावांना राहवेना. त्यांनी छाती फुगवली. "तसं बघितलं तर मी याला एकदा नाही, दोनदा पाडलंय. दहा दिवसांपूर्वी आमच्या दारात, एका ठोशात."

सगळे पोस्टमनकडे बघू लागले. त्याने सभ्यपणे आठवून पाहिलं.

"दारात? तिथे मी पायऱ्यांवरून घसरलो होतो," तो म्हणाला. "यांनीच उचललं मला. फार चांगला माणूस."

तोफरावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. ती मन लावून त्यांच्या बुटाची नाडी सोडत होती. मास्तरांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, की डोक्याला मार लागला की कधीकधी असं होतं, दोन दिवस झोप काढ.

घरी जाताना तोफराव पुन्हा पुन्हा आपल्या उजव्या मुठीकडे बघत होते. कोपऱ्यावर वळल्यावर बायको म्हणाली, "अहो, त्याने पोस्टात घसरलो म्हणून सांगितलंय, खरं कळलं तर त्याची नोकरी जाईल. आणि तुम्हाला एक विजय पचत नाही, दोन कशाला हवेत?"