तोर्ग्रिमचा आकडा आणि सासूबाईंचा हीटर

"बॅटऱ्या म्हाताऱ्या होतात त्या लोकांच्या! माझी अजून नवरी आहे, नवरी!" तोर्ग्रिमने कॉफीचा मग टेबलावर आपटला.

समोर त्याचा मेव्हणा आस्ब्यर्न तोंडात केक कोंबून बसला होता. "दाजी, आठ वर्षांची विजेची गाडी ती! आता दुकानापर्यंत जाऊन परत आली तरी अंगणात झेंडा चढवा."

"नवी होती तेव्हा पूर्ण चार्जला चारशे किलोमीटर दाखवायची. आज साडेतीनशेच्या खाली गेली, तर या ईस्टरला सुळका मी फोडेन, नाहीतर तू!"

रांदीने, म्हणजे त्याच्या बायकोने, कपाळाला हात लावला. डोंगरातल्या त्यांच्या लाकडी घरात वीज आली होती, संडास मात्र पणजोबांच्या वेळचा होता. बाहेर, खड्ड्याचा! हिवाळाभर पडेल ते जागच्या जागी गोठायचं, आणि ईस्टरपर्यंत त्याचा सुळका बसणाऱ्याला टोचेल इतका वाढायचा. मग कोणीतरी पहार घेऊन खाली उतरायचं. यावरून घरात दरवर्षी चिठ्ठ्या पडायच्या.

"ठरलं!" आस्ब्यर्न म्हणाला. "निघायच्या सकाळी आकडा मी बघणार."

तोर्ग्रिम शीळ घालत गाडीपाशी गेला. चार्ज पूर्ण. आकडा दोनशे ऐंशी! शीळ तोंडातच गोठली.

"अरे, हीटर लावून सुसाट पळवतोस," रांदी म्हणाली. "मागचं चालवणं बघून गाडी पुढचा अंदाज सांगते. तो बॅटरीचा आकडा नाही, तुझा आहे."

"माझा? मग मी सुधारतो!"

आणि सुधारला की हो! हीटर बंद. अंगात लोकरीचे दोन थर, वर मेंढीचं कातडं. शेजारी रांदी मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन, तोंडातून वाफा सोडत. वेग असा, की कडेने स्की करणारे आजोबा त्यांना मागे टाकून गेले आणि वळून हातही हलवला. एकदा मागे गाड्यांची एवढी रांग लागली, की ट्रॅक्टरवाला उतरून पुढे आला, टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण गेलं हो?"

पण आकडा चढत होता! निघायच्या आदल्या दुपारी तीनशे एकसष्ट! तोर्ग्रिमने गाडीच्या आरशाचा मुका घेतला. ओठ जरा चिकटला, पण तेवढं चालायचंच.

त्याच दुपारी सासूबाई आल्या. गुडलाउग, वय एकोणऐंशी. तोर्ग्रिम मागच्या खोपटात स्कींना मेण लावत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आस्ब्यर्नने गाडीत डोकं घातलं. "दाजी, दोनशे अडुसष्ट!"

"अशक्य! एका रात्रीत म्हातारी झाली?"

"कोण म्हातारी?" मागून सासूबाई.

"आई... तुम्ही गाडी नेली होती?"

"संत्री आणायला. ईस्टरला संत्री नकोत? बर्फाची पेटी करून ठेवली आहेस रे गाडीची! मग मी हीटर सव्वीसवर नेला, तर काचेवर वाफ धरली. खिडकी उघडली, तर गार लागलं. म्हणून हीटर अजून वाढवला. आणि त्या नव्या हायवेवर काय पळते रे तुझी गाडी! मी परत आणून चार्जिंगलासुद्धा लावली हं."

"कुठपर्यंत गेला होतात?"

"शहरात. इथली संत्री आंबट असतात."

आस्ब्यर्न हसता हसता बर्फाच्या ढिगात बसला. "पहार तुमच्या डिकीत ठेवली आहे, दाजी!"

डोंगरावर पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. तुम्ही कदाचित जेवून बसला असाल. एवढंच सांगते, की घरचे सगळे संत्री सोलत, उन्हात उभे राहून, टाळ्या वाजवत होते.

परतीला गाडी वर पूर्ण चार्ज केली आणि सगळा उतारच उतार! सवयीने हीटर बंद. खाली पोचेपर्यंत आकडा चारशे तीस! तोर्ग्रिमने करकचून गाडी थांबवली आणि फोन लावला. "आस्ब्यर्न! चारशे तीस! नवी असतानाही एवढा नव्हता! सुळका तुझा होता, तुझा!"

"दाजी, त्या उतारावर माझी आई ढकलगाडीत बसून चारशे जाईल!"

"छान आकडा आहे हं," शेजारच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हीटर लावला.

"आई!" तोर्ग्रिमचा हात बटणाकडे धावला. मग वाटेतच थांबला. चारशे दहा... तीनशे नव्वद... आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या पायांची बोटं एकेक करून त्याला परत भेटायला लागली.

मग मागे बसलेल्या रांदीला ऐकू जाणार नाही अशा बेताने तो म्हणाला, "आई... सव्वीसवर नेता का?"