हाज्जा तामूच्या हरीऱ्याचं मीठ

"हे बघ वियाम, आजाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही," बुशऐबमामाने भाचीला दुकानाच्या दाराशी पुन्हा एकदा बजावलं. "विचारलंच तर म्हणायचं, तब्येत एकदम ठणठणीत."

"आणि चक्कर आली तर?"

"म्हणायचं, ऊन लागलं."

"दुकानाच्या आत?"

"तू ना, फार प्रश्न विचारतेस. म्हणून तर नोकरी टिकत नाही तुझी!"

वियाम एकोणीस वर्षांची. लहानपणापासून तिला शुगर. उतारवयात होते ती नव्हे. शाळेच्या वयातच मानगुटीवर बसते आणि रोज इन्सुलिन टोचायला लावते ती. दिवसभर उभं राहून काम केलं की तिची साखर धाडकन खाली यायची, म्हणून अर्ध्या दिवसाचंच काम हवं होतं. तिचं मागणं फार नव्हतं. चार तास कुठेतरी जावं, नीट काम करावं आणि कुणापासून काही लपवावं लागू नये. पण बाप नसलेली पोर, म्हणून काम शोधायची जबाबदारी मामाने अंगावर घेतली, आणि तिथेच घोटाळा झाला. ओळखीशिवाय जगात काहीही होत नाही आणि खरं बोलून तर मुळीच होत नाही, अशी त्याची पक्की समजूत. मोरोक्कोतल्या आमच्या अख्ख्या अल जदीदा शहरात त्याच्याइतका मनापासून खोटं बोलणारा टॅक्सीवाला दुसरा नसेल.

आधीच्या दोन नोकऱ्या अशाच गेल्या. चष्म्याच्या दुकानात ती मोरीत इन्सुलिन टोचून घेत होती, तेवढ्यात मालक आला. त्याला वाटलं, पोरगी नशा करते. मग लग्नाची सजावट करणाऱ्याकडे लागली. तिथे एकदा हातपाय थरथरायला लागले, तेव्हा समोर जे गोड दिसलं ते तिने तोंडात टाकलं. ते नेमके नवरीच्या ताटातले साखरेचे बदाम निघाले. नवरीची आई अजून रस्त्यात दिसली की तोंड फिरवते.

आता रमजान लागला होता. हज करून आलेल्या हाज्जा तामूचं दुकान म्हणजे आमच्या मोहल्ल्याचा प्राण. संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी अर्धी वस्ती तिच्याकडूनच हरीरा नेते. मसूर, चणे आणि टोमॅटोचं ते दाट सूप पोटात गेल्याशिवाय आमच्याकडे रोजा सुटल्यासारखा वाटत नाही. हरीरा डब्यांत भरायला तिला दुपारी चार ते रोजा सुटल्याचा सायरन वाजेपर्यंत एक मुलगी हवी होती.

"पोरगी रोजे धरते ना रे?" हाज्जाने विचारलं. "इथे दिवसभर नुसता वास घ्यायचा असतो. कच्च्या मनाच्या माणसाचं काम नाही."

"रोजे?" मामाने छाती फुगवली. "अहो हाज्जा, ही रमजान संपल्यावरसुद्धा दर सोमवार-गुरुवारी धरते! आम्हीच म्हणतो, बाई गं, एखाद दिवस तरी जेव!"

वियामने मामाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथेच भस्म झाला असता. मामा हसत टॅक्सीत जाऊन बसला.

पहिल्याच दिवशी दुकानात वेगळाच गोंधळ झाला. मिलूद आचारी हरीऱ्यात मीठ घालून अंगणात गेला. हा विसरलाच असणार, असं धरून हाज्जाने पुन्हा घातलं. चव बघणार कोण? सगळ्यांचे रोजे. सायरन वाजला, मोहल्ल्याने पहिला घोट घेतला आणि खिडक्याखिडक्यांतून हाज्जाच्या नावाने शंख सुरू झाला. दुसऱ्या दिवशी धडा घेऊन दोघांनीही मिठाला हात लावला नाही. तेव्हा तर लोक वाडगे घेऊन दुकानातच आले.

"हाज्जा, काल समुद्र पाजलात आणि आज गरम पाणी? उद्या काय, वाळू?"

रमजानात आमची माणसं फार नाजूक मनःस्थितीत असतात. कॉफी बंद, सिगारेट बंद. संध्याकाळी पाचला तर कुणी कुणाला रस्ताही विचारत नाही. त्यात हरीरा बिघडला म्हणजे संपलंच.

"जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं म्हणतात इमामसाहेब," मिलूद दबकत म्हणाला.

"त्यांचं चालत असेल. मला माहितेय ना माझी जीभ! मी थुंकायच्या आत ती गिळून मोकळी होते. आणि तुझी जीभ तर सिगारेटनं कधीच मेलीय!" हाज्जा डोक्याला हात लावून बसली. "असंच चाललं तर ईदपर्यंत दुकानाला कुलूप."

तिसऱ्या दिवशी पाचच्या सुमाराला वियामच्या कपाळावर घाम डवरला. हात थरथरू लागले. हे काय आहे ते तिला पाठ होतं. चण्याच्या पोत्यामागे दडून तिने खिशातले खजूर काढले आणि दोन एकदम तोंडात कोंबले. तेवढ्यात चणे काढायला हाज्जा आली.

"तोंड उघड."

वियामने मान हलवली. गाल फुगलेलेच होते.

"रोजा मोडलास? माझ्या दुकानात? सोमवार-गुरुवारवाली तू?"

ऊन लागलं म्हणावं, असं वियामच्या मनात येऊन गेलं. पण सायरनला अजून दोन तास होते आणि मामाच्या खोटेपणाचा तिला मनापासून कंटाळा आला होता.

"मला शुगर आहे, हाज्जा. रोजे धरायला डॉक्टरांनी मना केलंय. इमामसाहेबांनाही विचारलंय, माफ आहेत मला. मामानं सगळं खोटं सांगितलं. मी खोटं सांगितलं नाही, पण गप्प बसले. काढायचं तर काढा कामावरून. फक्त हे खजूर संपवू द्या, नाहीतर इथेच पडेन आणि उचलावं तुम्हालाच लागेल."

हाज्जा पोत्यावर बसली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे तुला दिवसाउजेडी खाता येतं?"

"हो."

"देवालाही चालतं आणि डॉक्टरलाही?"

"हो."

"गिळलं तरी चालतं?"

"गिळायलाच लागतं, हाज्जा."

"मिलूद!" हाज्जा अशी ओरडली की पातेल्यावरचं झाकण पडलं. "दार लाव! पडदा ओढ! अगं पोरी, खा ते खजूर, आणखी खा! बरं वाटलं की इकडे ये आणि हा चमचा धर!"

जरा वेळाने वियामने हरीरा चाखला.

"मीठ कमी आहे. चिमूटभर नाही, चांगलं मूठभर लागेल. आणि आलं जास्त पडलंय."

"आलं जास्त पडलंय!" हाज्जाने भर दुकानात तिचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. "इतकी वर्षं आंधळ्यासारखी रांधतेय गं मी!"

त्या संध्याकाळी मोहल्ला शांत होता. दुसऱ्या दिवशी रांग मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत गेली. अशी गोष्ट लपते थोडीच? चारच दिवसांत दुपारी आयाबाया रुमालाने झाकलेली भांडी घेऊन मागच्या दाराशी यायला लागल्या. "पोरी, जरा माझ्या रश्श्याची चव बघ गं. पाहुणे येणार आहेत." वियामसाठी हाज्जाने उशीवालं स्टूल आणलं. चव बघितली की ती वहीत नोंदवल्यासारखं गंभीरपणे सांगायची, "लिंबू हवं," आणि बायका माना डोलवत परत जायच्या. इन्सुलिन आता ती सगळ्यांसमोर टोचून घ्यायची. कुणी नाक मुरडलं नाही. उलट शिंप्याची बायको उसासा टाकून म्हणाली, "नशीब लागतं बाई. आमच्या सुनेला मेलं साधं पित्तसुद्धा होत नाही."

हे बुशऐबमामाच्या कानावर गेलं. दिवसभर टॅक्सीत उपाशी बसणारा तो, आणि भाची सावलीत बसून चमच्याने हरीरा खातेय, वर खाण्याचा पगार घेतेय! रमजानच्या सत्ताविसाव्या, सणाच्या रात्रीच्या मोठ्या ऑर्डरींची तयारी चालू असताना तो दुकानात आला आणि लांबलचक रांगेसमोर उभा राहिला.

"हाज्जा, पोरगी नाजूक आहे. एवढी पातेली तिला झेपायची नाहीत. तिला घरी पाठवा, चव मी बघतो."

"तुझा रोजा आहे ना?"

"छे! मला पण शुगर आहे!" मामा गर्जला. "लहानपणापासून! आमच्या घराण्यातच आहे! सगळ्या मोहल्ल्याला माहितेय!"

मोहल्ल्याने एकमेकांकडे पाहिलं. वियामच्या हातातला चमचा थांबला. उभ्या आयुष्यात काही लपवावं न लागणारी ही एकच जागा, आणि ती पळवायला सख्खा मामा आला होता. तिने पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि म्हणाली, "बोट दे."

"कशाला?"

"आजारी माणूसच लागतो इथे. धडधाकट चालत नाही. आधी हात धू, चिकट आहेत तुझे."

"मध दिसतोय," मिलूदने वाकून पाहिलं. "कुठेतरी मधात बुडवलेली शेबाकिया मिठाई खाल्लीय."

"टॅक्सीत कुणीतरी सांडला मध!"

"मिशीवर?" हाज्जाने विचारलं.

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मामाने निमूटपणे हात धुतले, घासून घासून. वियामने बोट टोचलं. यंत्र वाजलं. तिने आकडा पाहिला, भुवया चढवल्या, दुसरं बोट टोचलं आणि पुन्हा पाहिलं.

"काय? पास ना?" मामाने विचारलं.

"मामा," ती हलक्या आवाजात म्हणाली, "पहिला आकडा मधाचा म्हटला असता. पण हात तर तू धुतलेस. तुला खरंच आहे रे. चांगली तिप्पट आहे."

मामा चण्याच्या पोत्यावर मटकन बसला. इतका वेळ गल्लीभर ऐकू जाणारा आवाज अगदी कुजबुजीवर आला.

"हळू बोल गं! कुणाला सांगू नकोस. लोक काय म्हणतील? टॅक्सीत कोण बसेल माझ्या?"

वियामला हसू आलं. कितीही खोटारडा असला, तरी तिच्यासाठी दारोदार फिरणारा तो एकटाच होता. त्याचे थंडगार पडलेले हात तिने आपल्या हातात घेतले. "घाबरू नकोस. उद्या सकाळी माझ्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते बरोबर."

"काय गं, निकाल काय?" गल्ल्यावरून हाज्जाने हाळी दिली. "तुझा मामा ठणठणीत ना?"

मामाने डोळ्यांनीच हातापाया पडून पाहिलं. वियाम उठून उभी राहिली आणि रांगेच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही, हाज्जा. त्याला शुगर आहे. खरीखुरी. त्याला अर्ध्या दिवसाचं काम द्या."

"चवीची जागा भरलीय," हाज्जा म्हणाली. "पण ती मोठी पातेली घासायला माणूस हवाय. घाम गाळला तर साखर उतरेल त्याची."

"कधीपासून येऊ?" मामाने बारीक आवाजात विचारलं.

हाज्जाने पायानेच एक रिकामं पातेलं त्याच्याकडे सरकवलं.

"बाह्या वर कर."