निकमबाईंची तांब्याची तार

निकमबाईंशी बोलताना आपलं बोलणं लांबलं, की त्या मध्येच सांगतात, "तीन मिनिटं झाली." आवाजात राग नसतो, उलट चांगला गोडवा असतो. हातात घड्याळ नसतं, तरी अंदाज चुकत नाही. आपण गप्प होतो. आपलं म्हणणं त्यांना ऐकण्यासारखं वाटत असेल, तर त्याच विचारतात, "वाढवू?"

इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत त्या पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. सत्तरी ओलांडलेली. सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटर म्हणून झाली, आधी मालेगावला, मग नाशिकला. लोकांचे ट्रंक कॉल जोडून द्यायचे आणि तीन मिनिटं झाली की मध्ये बोलून सांगायचं, हे त्यांचं काम. ट्रंक कॉल कधीच इतिहासजमा झाले, सवय तेवढी राहिली. कुरिअरवाल्याला नाव सांगतील तर "निकम. न नाशिकचा, क कळवणचा, म मनमाडचा." गॅसवर दूध असेल तर आलेल्या माणसाला "होल्ड करा" म्हणून आत जातात. सोसायटीच्या वार्षिक सभेत मी, म्हणजे सेक्रेटरी, त्यांना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवतो. आमचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले की बाईंचं "तीन मिनिटं झाली" ऐकायला सगळी सभा टपून बसलेली असते.

त्यांच्या हॉलमध्ये स्टुलावर एक जड, बदामी रंगाचा फोन आहे. अंघोळ झाली की त्या तो ओल्या फडक्याने पुसतात, रिसीव्हर कानाला लावतात, "टोन आहे" असं स्वतःशीच म्हणतात आणि मग चहा टाकतात.

तर आमच्या बिल्डिंगमध्ये फायबर घ्यायचं ठरलं. जुन्या तांब्याच्या तारेवरचं इंटरनेट पार थकलं होतं. माझी मुलगी घरून काम करते. मीटिंगमध्ये तिचं तोंड उघडं असतानाच चित्र थांबायचं आणि साहेबांना वाटायचं, ही जांभई देतेय. त्या महिन्यात दोनदा तिला सुनावण्यात आलं होतं. अठरा घरांनी होकार दिला. अडचण एकच होती. तारा नेण्याचा पाइप एकच, तोही निकमबाईंच्या बाल्कनीतून जाणारा. त्यातून जुनी केबल ओढून काढली तरच फायबर आत जाणार. आणि जुन्या केबलवर बाईंचा फोन चालू होता.

मी फायबरवाल्या तंत्रज्ञाला घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"नंबर तोच राहील?" त्यांनी विचारलं.

"तोच राहील मॅडम. फोनसुद्धा हाच. फक्त मध्ये एक डबी बसेल."

"डबी कशावर चालते?"

"लाइटवर."

"आणि लाइट गेली तर?"

"बॅकअप देतो ना. दोन तास आरामात जातील."

बाईंनी थोडा विचार केला. "तांब्याच्या तारेतून फोनला वीज एक्स्चेंजमधून येते. घरातली लाइट दिवसभर गेली तरी तो बंद पडत नाही. मला दोन तासांचा फोन नको."

"अहो बाई, मोबाइल आहे ना तुमच्याकडे," मी म्हणालो. "अठरा घरं तुमच्यामुळे अडलीत. माझ्या मुलीच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"मुलीचं मला कळतंय, सेक्रेटरी," त्या हळू म्हणाल्या. "पण नाही."

मी चिडूनच वर आलो. घरी म्हणालो, म्हातारपणी माणसं हटवादी होतात ते हे असं. पुढचे काही दिवस जिन्यात भेट झाली तरी मी नुसतीच मान हलवायचो. त्याही मान हलवायच्या.

नंतरच्या शनिवारी दुरुस्तीसाठी दिवसभर वीज बंद होती. दुपारी सोसायटीच्या टाकीतलं पाणी संपलं आणि माझा मोबाइल तर सकाळीच मान टाकून बसला होता. टँकरवाल्याला फोन करायचा होता, म्हणून नाइलाजाने निकमबाईंची कडी वाजवली. त्यांनी फोनकडे बोट दाखवलं, तेवढ्यात तोच वाजला. मला खुर्चीत बसायची खूण करून त्यांनी रिसीव्हर उचलला.

"बोल कमल. जेवनी का?"

पलीकडून रिसीव्हरवर टक् असा आवाज आला. खोलीत इतकी शांतता होती की मलाही ऐकू आला.

"औषध लिधं का?"

टक्, टक्.

"का नाही? ऊठ, आधी घे. मी थांबते."

त्या खरंच थांबल्या. चांगली पाच मिनिटं. पुन्हा एक टक् आल्यावर त्यांनी दोडक्याच्या भाजीपासून शेजारणीच्या नव्या सुनेपर्यंत सगळं अहिराणीत सांगितलं. अध्यक्षांचं भाषणही त्यांनी आवाजासकट करून दाखवलं. चाळीस मिनिटं त्या बोलत होत्या आणि पलीकडून फक्त टकटक येत होती. टँकर मी विसरून गेलो.

फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या, "मालेगावच्या एक्स्चेंजमध्ये बोर्डावर आम्ही शेजारी बसायचो. कमलसारखा आवाज अख्ख्या जिल्ह्यात नव्हता. तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवा हात आणि बोलणं गेलं. मुलगा-सून दिवसभर कामावर. डाव्या हाताने ती एकच नंबर लावते. तो लागला नाही, तर का लागला नाही हे विचारायला तिला तोंड नाही. नुसती बसून राहील."

"हे तुम्ही मला आधी सांगायचं होतं," मी म्हणालो.

"तुम्ही चारचौघांत सांगितलं असतं. कमलला कुणी बिचारी म्हटलेलं मला चालत नाही."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या आठवड्यात मी इलेक्ट्रिशियनला बोलावून लिफ्टच्या मोठ्या इन्व्हर्टरवरून एक वायर बाईंच्या हॉलपर्यंत ओढून घेतली. कमिटीला सांगितलं, फायबरच्या डबीची सोय आहे. कुणी जास्त विचारलं नाही. बाईंनी वायर स्वतः तपासली, इन्व्हर्टर किती तास चालतो ते दोनदा विचारलं आणि मगच जुनी केबल काढायला होकार दिला.

फायबर जोडलं त्या दिवशी मी बाईंच्या घरचा मेन स्विच बंद केला. पंखा थांबला. डबीवरचा हिरवा दिवा तसाच राहिला. ठरल्याप्रमाणे अकरा वाजता फोन वाजला.

"बोल कमल," बाई म्हणाल्या, आणि एकदम थांबल्या. मला वाटलं, लाइन गेली. त्यांनी हात वर करून मला गप्प राहायला सांगितलं, मग पुन्हा त्याच अध्यक्षांची नक्कल सुरू केली. मध्येच थांबून त्या रिसीव्हर कानाशी घट्ट दाबून ऐकत राहिल्या.

"काय झालं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

रिसीव्हरवर तळहात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "आमच्या तारेवर फार खरखर होती हो," त्या म्हणाल्या. "ती हसते, सेक्रेटरी. तीन वर्षं मला वाटत होतं, तिचं हसणंही गेलं."