अगदी सरळ उभं मुसळ

मृत्युंजयनं तो शब्द खोडला तेव्हा त्याला फार बरं वाटलं. शब्द होता 'सबस्टॅन्शियली', म्हणजे 'बहुतांशी'. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेल्या माणसाला असले शब्द सोसत नाहीत. काम एकतर झालेलं असतं, नाहीतर झालेलं नसतं. (त्याच्या टेबलावर ते बहुतेक झालेलं नसायचं, पण ते असो.)

जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत खटपट करून त्यानं शेंगाचटणी कुटायचं विजेचं यंत्र बनवलं होतं. मिक्सरमध्ये दाण्यांचा नुसता भुगा होतो. याच्या यंत्रात मोटरवर चालणारं मुसळ उखळात वरखाली व्हायचं आणि चटणीला असं तेल सुटायचं की त्याची बायको सिद्धेश्वरीसुद्धा "बरी झालीय की" म्हणाली. लग्न झाल्यापासून तिनं त्याच्या कुठल्याही उद्योगाला दिलेली ही सर्वोच्च पदवी! मृत्युंजयनं त्याच दिवशी पेटंट घ्यायचं ठरवलं.

पेटंट कचेरीनं आक्षेप काढला की, तिरप्या मुसळाचं असलं यंत्र आधीच कुणीतरी केलेलं आहे. मग त्याच्या एजंटानं क्लेममध्ये, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर हे सांगणाऱ्या वाक्यात, दुरुस्ती सुचवली : मुसळ 'बहुतांशी उभं'. मृत्युंजयनं 'बहुतांशी' खोडून तिथं 'परफेक्टली' घातलं. परफेक्टली व्हर्टिकल. शिवाय "आमच्या मुसळाला यत्किंचितही कल नाही" असं उत्तरात ठणकावून सांगितलं, आणि कुणाला शंका नको म्हणून आकृतीत मुसळाशेजारी गवंड्याचा ओळंबा, म्हणजे खाली वजन बांधलेला दोरा, काढला.

"थोडी जागा ठेवा की साहेब," एजंट म्हणाला.

"जागा कशाला? आपलं सगळं सरळ असतंय."

पेटंट मिळालं. ते फ्रेम होऊन हॉलमध्ये टीव्हीच्या वर टांगलं गेलं.

आणि मग शुक्रवार पेठेत सिद्धेश्वरीच्या धाकट्या भावानं, बसलिंगप्पानं, आपल्या चटणीच्या दुकानात यंत्र बसवलं. तीच मोटर, तसंच उखळ. मुसळ मात्र किंचित कललेलं.

"दाजी, या की बघायला! तुम्हाला लई आवडंल," त्यानं कौतुकानं फोन केला. मृत्युंजय गेला, त्यानं बघितलं, चहाही न घेता तो उठला आणि तिथून थेट शिवयोगी वकिलांकडं पोचला.

"माझ्या भावावर केस?" सिद्धेश्वरीनं संध्याकाळी विचारलं.

"भावावर नाही. उल्लंघनावर."

"मग पंचमीला मी माहेरी कुणाकडं जायचं? उल्लंघनाकडं?"

त्या दिवसापासून ताटात भाकरी पडायची, पण शेजारी चटणी नसायची. मृत्युंजयला कळायचं ते कळलं. (कळून काही उपयोग नसतो. तो मागं हटणाऱ्यांतला नव्हता.)

जिल्हा न्यायालयात शिवयोगी वकील तळमळीनं बोलले. "शब्दाला धरून बसू नये, मॅडम. यंत्राचं मर्म बघावं. दाणे कुटले जातात, तेल सुटतं. मुसळ जरासं कललं म्हणून यंत्र वेगळं होतं का?"

बसलिंगप्पाच्या वकील सुकन्याताई शांतपणे उठल्या. "क्लेम म्हणजे शेताचा बांध. हा बांध वादीनं स्वतःच्या हातानं घातलाय. आता शेजारचं पीक चांगलं दिसतंय म्हणून तो सरकवता यायचा नाही."

न्यायाधीश बाईंनी चष्मा पुसला. "वकीलसाहेब, मी 'परफेक्टली' हा शब्द 'बहुतांशी' असा का वाचू?"

"या धंद्यातला जाणता माणूस तसाच वाचंल, मॅडम."

"या धंद्यातल्या जाणत्या माणसाला 'परफेक्टली' दिसणार नाही का?"

शिवयोगी घोटभर पाणी प्यायले. इथं मृत्युंजयनं गप्प बसायला हवं होतं. पण तो उभा राहिला. "मॅडम, माझ्या घरी या! माझं यंत्र बघा, त्याचं बघा. दोन्ही एकच आहेत हे लहान पोरसुद्धा सांगंल!"

शिवयोगींनी त्याची बाही ओढली. "अहो, त्याचं यंत्र तुमच्या क्लेममधल्या शब्दांशी ताडायचं असतं. तुमच्या यंत्राशी नव्हे!"

"बघू दे की! सत्याला काय भ्यायचं?"

सुकन्याताईंनी अजिबात हरकत घेतली नाही. (तिथंच त्याला शंका यायला हवी होती.)

पुढच्या रविवारी पाहणीसाठी कोर्टानं नेमलेले कमिशनर, दोन्ही वकील आणि बसलिंगप्पा असे सगळे मृत्युंजयच्या छोट्या स्वयंपाकघरात दाटीवाटीनं उभे राहिले. सिद्धेश्वरीनं पहिला चहा भावाला दिला.

"अगं, तो प्रतिवादी आहे!" मृत्युंजय कुजबुजला.

"सकाळधरनं उपाशी आहे तो," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या बशीत दोन खारी ठेवल्या.

मृत्युंजयनं बाह्या सरसावल्या. उखळात भाजलेले दाणे घातले, लसूण, तिखट, जिरं, मीठ घातलं. अनेक डोळे आपल्याकडं लागलेत याचा त्याला मनापासून आनंद होत होता. बटणाकडं जाता जाता त्याच्या हातानं सवयीनं ओट्यावरचं फडकं उचललं, त्याची घडी घातली आणि यंत्राच्या मागच्या पायाखाली सारली.

"ते काय केलंत?" सुकन्याताईंनी विचारलं.

"कुठं काय? फडकं घातलं."

"कशाला?"

"नाहीतर दाणे तळाला घट्ट बसतात. खालचे वर येत नाहीत. जरासं तिरकं केलं की कसं छान..."

मृत्युंजयनं फडक्याकडं बघितलं. शिवयोगी खिडकीबाहेर बघू लागले. कमिशनरांनी पिशवीतून ओळंबा काढला आणि मुसळाशेजारी धरला. दोरा एका वाटेनं गेला, मुसळ दुसऱ्या.

बसलिंगप्पानं जवळ येऊन वाकून बघितलं. त्याच्या आवाजात खरीखुरी काळजी होती. "दाजी, माझ्यापेक्षा तुमचंच जास्त वाकडं आहे की ओ."

निकाल शांतपणे वाचला गेला. शब्दाचा अर्थ उमगत नसेल तर वर्णन आणि आकृती बघावी. इथं आकृतीतही ओळंबाच आहे. पेटंट मिळवताना अर्जदारानं जे सोडून दिलं, ते कोर्टात येऊन दुसऱ्याकडून परत मागता येत नाही. दावा फेटाळण्यात येत आहे. पेटंट मात्र कायम, कारण ते रद्द करा असं बसलिंगप्पानं मागितलंच नव्हतं. "दाजींची फ्रेम आहे की भिंतीवर," तो म्हणाला होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी तो बहिणीला न्यायला आला. येताना चटणीचा डबा घेऊन आला. मृत्युंजयनं आधी नको म्हटलं, मग चमचाभर घेतली, मग भाकरी मागितली. चटणी उत्तम होती, आणि हे कबूल करायला त्याला जड गेलं. भाकरी संपल्यावर मात्र त्याची छाती पुन्हा थोडी फुगली.

"काही म्हणा, पेटंट अजून शाबूत आहे. अख्ख्या देशात ते मोडणारा एक माणूस सापडायचा नाही!"

"सापडंल कसा?" बॅगेची चेन लावत सिद्धेश्वरी म्हणाली. "तसल्या यंत्रात चटणी होतच नाही की."