सबनीसकाकांचा समुद्र

लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढायला आलेली असताना पानावरून उठलेला माणूस मी एकच पाहिला. आमच्या शेजारचे सबनीसकाका. "भरतीची वेळ झाली," म्हणाले, हात धुतले आणि रिक्षा पकडून घरी गेले. कर्वेनगरपासून समुद्र किती लांब आहे हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक आहे, पण काकांना ते ऐकवायची हिंमत कुणाची नाही.

काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. उमेदीची वर्षं सगळी कालव्यांवर गेली, आता दिवस कॉम्प्युटरवरच्या एका खेळात जातो. ओसाड बेटावर लाकडं तोडायची, घर बांधायचं आणि तगून राहायचं. तिथली भरती आपल्या घड्याळाला जुमानत नाही, काकांना मात्र तिच्या वेळा तोंडपाठ. लाटा फळ्या उखडतात, त्या तिथल्या तिथे ठोकाव्या लागतात.

काकांची झोपडी अगदी पाण्याला लागून. तिच्यापुढे त्यांनी लाकडी धक्का बांधला, धक्क्यापुढे दगडी बांध, बांधाला पाणी निघून जायला भोकं. "पाण्याशी वाद घालू नये, त्याला वाट द्यावी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तरी पाणी वाद घालतंच. "अहो, त्या समुद्राला शिस्त म्हणून नाही," असं ते जिन्यात मला अशा सुरात ऐकवतात, की लाट मीच सोडली असावी.

खेळ ऑनलाइन, त्यामुळे त्या बेटावर आपापल्या घरून इथलीच तरुण पोरंही खेळतात. एकाने काकांचं लाकूड पळवलं, तर काकांनी त्याला लिहिलं, "आपण लाकूड नेलेत. विचारून न्यायची पद्धत आहे." दुसऱ्या दिवशी दुप्पट लाकूड झोपडीच्या दारात.

मी एकदा म्हटलं, "काका, झोपडी वर टेकडीवर का नाही बांधत?"

"हलवता येत नाही," म्हणाले आणि दार लावून घेतलं. पुण्यात दार लावून घेण्याचं कुणी मनावर घेत नाही, मीही घेतलं नाही.

मग मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन करायला काका तयार होईनात. "भरती कोण बघणार?" मी वैतागून म्हटलं, "मी बघते."

अशी मी निखिलच्या खोलीत जाऊन बसले. निखिल त्यांचा एकुलता एक मुलगा. काकू आधीच गेलेल्या, आणि दोन वर्षांपूर्वी हिंजवडीला ऑफिसला जाताना तो अपघातात गेला. कॉम्प्युटर त्याचाच. डोळ्याला पट्टी बांधलेले काका पडद्याकडे पाठ करून शेजारी बसले.

मी काकांच्या नावाने खेळातल्या झोपडीत शिरले. आत फळ्यांवर कुणीतरी झोपलं होतं.

"काका, आत माणूस आहे."

"निखिल आहे तो," काका म्हणाले. "या खेळात आपण खेळ बंद केला की आपला माणूस असेल तिथेच झोपून राहतो. आपण परत येईपर्यंत. त्या दिवशी सकाळी घाईघाईत बंद करून गेला. झोपडी त्यानेच बांधलेली, मी नुसती राखतो. ती पडली तर त्याला पाणी घेऊन जाईल."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पडदा दिसेना. बाहेर लाट आपटली.

"कुठवर आलं पाणी?"

"पायरीपर्यंत."

"मग उशाकडची फळी आधी ठोका," काका म्हणाले. "तिथून गार लागतं."