बुधाजी मंडळात जातो

कडावच्या बुधाजीने आठवडाभर दारूला तोंड लावलं नव्हतं, आणि त्यामुळे सगळं जग त्याला तरंगताना दिसत होतं. पीत होता तेव्हा असं कधी झालं नव्हतं. म्हशी संथ चालत, माणसं लांबून बोलल्यासारखी वाटत, आणि दुपारच्या उन्हात समोरचा डोंगर अंगणापर्यंत सरकून येई. घरात बोलायला कुणी नव्हतं. गोदूबाई रुसून खालापूरला माहेरी गेली होती आणि या खेपेला ती शपथेवर भागवणार नव्हती. शपथा बुधाजीने इतक्या घेतल्या होत्या की आसपासचे सगळे देव त्याला चेहऱ्याने ओळखू लागले होते.

तोड काढली ती मेहुण्याने, सहदेवने. शिळफाट्याला म्हणे एक मंडळ निघालं होतं. दारू सोडू पाहणारी माणसं रविवारी तिथे सतरंजीवर बसून आपापली कहाणी सांगत. कुणी हसत नसे, कुणी नाव विचारत नसे, वर चहा मिळे. गोदूबाईचा निरोप असा होता की बुधाजीने मंडळात एकदा बसून यावं, संध्याकाळी ती फाट्यावर उभी राहील. तिथून कडावला जायचं की परत माहेरी, ते ती तिथेच ठरवणार होती.

रविवारी बुधाजी धुतलेली टोपी घालून टेंपोत बसला. मंडळ पिठाच्या गिरणीपाशी आहे एवढं सहदेवने सांगितलं होतं. पण दारुड्यांचं मंडळ कुठंय, असं भर बाजारात विचारायचं कसं? तो आपला शोधत निघाला. गिरणीच्या शेजारच्या घरापुढे चपलांचा ढीग दिसला. आत सतरंजी, भिंतीला टेकून बसलेली गडीमाणसं, कुणी कुणाशी बोलत नाही, सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. आणखी काय खूण हवी? बुधाजी आत शिरला.

ती त्या घरच्या पदूच्या मुलीच्या साखरपुड्याची बैठक होती. मुलीकडच्यांना वाटलं, हा मुलाचा चुलता असणार. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीचा मामा. दोघांनीही सरकून त्याला मधोमध लोडाशी जागा दिली. नाव कुणी विचारलं नाही. चहा आला. गिरणीची घरघर चालू होती, पिठाचा ऊबदार वास खिडकीतून येत होता. आपण झोपेत कुठल्यातरी भल्या माणसांच्या गावी आलो आहोत, असं बुधाजीला वाटलं आणि त्याचा ऊर भरून आला.

आता तिकडची रीत अशी, की बैठकीत दोन्ही बापांनी गप्प बसायचं आणि बोलणं काढायचं ते वडीलधाऱ्या पाहुण्याने. पदू अदबीने म्हणाला, "पाव्हनं, तुमीच सुरवात करा."

बुधाजीने उभं राहून हात जोडले. "मी बुधाजी, कडावचा. मी दारू पितो. लय जनांनी सांगितलं, ऐकलं नाय. बायको माहेरी गेली तवा कळलं, तिच्याबिगर घर खायला उठतं."

बैठकीला घाम फुटला. मुलाचा बाप नागू मनात चरकला. यांना आपलं पिणं कळलेलं दिसतंय, म्हणून मामाला पुढे करून हा विषय काढलाय. तर मग लपवण्यात काय अर्थ? त्याने मान खाली घालून आपलंही सांगून टाकलं. ते ऐकून पदू विरघळला. मुलाकडचे एवढ्या मोकळ्या मनाने बोलतायत आणि आपण झाकून ठेवलं तर उद्या पोरीला बोल लागेल. त्यानेही सांगितलं, आणि सांगता सांगता तो रडला.

एवढं सगळं झाल्यावर पदूच्या भावाने, नुसत्या सवयीने, कोनाड्यातली बाटली आणून मधे ठेवली. सोयरीक जुळली की दोन्ही व्याह्यांनी एका बाटलीतली घ्यायची, त्याशिवाय ती पक्की नाही; आणि पहिला पेला वडील पाहुण्याचा. तो बुधाजीपुढे आला. ही मंडळाची परीक्षा असणार, असं बुधाजीने ताडलं. पेला डोळ्यांपुढे डुलत होता, हात आपसूक पुढे निघाला होता. फाट्यावर उभी असलेली गोदू त्याला आठवली. त्याने पेला परत सारला. मोठ्याने घेतली नाही तर धाकट्यांनी घ्यायची कशी? शेवटी पदूच्या बायकोने आतून चहा पाठवला आणि व्याह्यांनी एका बशीतून तो पिऊन सोयरीक पक्की केली.

मग निघताना पदूने नागूला विचारलं, हे तुमचे कोण? नागू म्हणाला, आमचे? तुमचे ना? बुधाजी म्हणाला, मी मंडळाचा. तेव्हा उलगडा झाला. मंडळ गिरणीच्या मागच्या खोलीत भरायचं आणि आजचं केव्हाच उठलं होतं. पदूला ते पक्कं ठाऊक होतं, पण त्याचे पाय तिकडे कधी वळले नव्हते. पुढच्या रविवारी तिघांनी मिळून जायचं ठरलं.

पण गोदूबाई तर आजच उभी होती. फाट्यापर्यंत बुधाजीने खोटं बोलायचं दहा वेळा ठरवलं. समोर ती दिसली आणि ठरवलेलं सगळं विसरला.

"मंडळ घावलं नाय गं," तो म्हणाला. "चुकून एका साखरपुड्यात बसलो."

शेजारी उभ्या सहदेवने कपाळाला हात लावला. साखरपुड्यात काय चालतं ते गोदूबाईला कुणी सांगायला नको होतं. ती जवळ आली, तिने त्याच्या तोंडाचा वास घेतला. चहातल्या आल्याचा वास आला. खात्री पटेना म्हणून तिने पुन्हा घेतला.

"मंडळात बसलेला मानूस शुद्धीत येनार, त्यात काय मोठंसं?" ती म्हणाली. "साखरपुड्यातून आपल्या पायांनी आलेले तुमी पयलेच."

तिने गाठोडं बुधाजीच्या हातात दिलं आणि कडावचा टेंपो कधी सुटतो ते सहदेवला विचारलं.