भुताची नोकरी

महेबूबमामांनी अठरा वर्षं भुताची नोकरी केली. पगारी. येडशीच्या रस्त्याला आमच्या गावाबाहेर एक गंमतबाग होती. सुट्टीत तेरहून, धाराशिवहून माणसं यायची. तिथल्या भूतबंगल्यात तोंडाला पांढरं फासून लोकांच्या कानाशी "हाऽऽ" करायचं, हे मामांचं काम. पुढं दुष्काळात बागेचं पाणी आटलं, मग गिऱ्हाईक आटलं. पाळणे भंगारात गेले. भूतबंगला तेवढा राहिला, कारण तो कुणाला उचलून नेता येईना. ग्रामपंचायतीनं त्याला खिडक्या पाडल्या, चुना मारला आणि 'अभ्यासिका' अशी पाटी ठोकली. राखणदार म्हणून मामांनाच ठेवलं. इमारतीबरोबर भूत आलंच.

दार मात्र जुनंच, राक्षसाच्या जबड्याचं. खालच्या दातांवर आम्ही पोरी चपला ठेवायचो.

त्या जबड्याचे माझ्यावर उपकार आहेत. आमचं घर म्हणजे पत्र्याची एक खोली. त्यात आईचं शिलाई मशीन, आजोबांचा खोकला आणि दोन भावांची भांडणं. बारावीचा अभ्यास मी शेजाऱ्यांच्या गोठ्यात केला. इतिहास मला अजून शेणाच्या वासासकट आठवतो. अशा पोरीला टेबल, पंखा आणि शांतता मिळाली.

शांतता मामांच्या धाकाची. अठरा वर्षं अंधारात वावरल्यामुळं त्यांचं पाऊल वाजायचंच नाही. पुस्तकावर डुलकी लागली की कानाशी हळूच "हाऽऽ". दचकून बघावं तर मामा चहाचा कप धरून उभे. "भ्याला त्यो वाचला," म्हणायचे. जिवानिशी वाचला की पुस्तक वाचला, ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

पाटी काहीही म्हणो, गावाच्या तोंडी तो भूतबंगलाच. तिथंच घोटाळा झाला. मी बाहेरून बी.ए. करत होते, शेवटचं वर्ष होतं. अणदूरहून पाहुणे मला बघायला आले. मुलाच्या आत्यानं विचारलं, "पोरगी दिवसभर काय करती?"

आई अभिमानानं म्हणाली, "भूतबंगल्यात बसती की."

"बसती म्हंजी? कवापासनं?"

"झाली दोन वर्सं. सकाळी भाकरी घिऊन जाती, दिवस मावळताना येती."

"अगं बया! मग काय उपाय केला का न्हाय?"

"उपाय कशाला? लई गुण आलाय!"

पोहे तसेच राहिले. आठ दिवसांत सगळीकडं झालं, की पोरीला लागिर झालंय. मला हसू येत होतं. अण्णा हसले नाहीत. अण्णा म्हणजे माझे वडील. गवंड्याच्या हाताखाली राबणारे, कुणाच्या अध्यात न मध्यात. "उद्यापासनं भूतबंगला बंद," एवढंच म्हणाले. परीक्षा महिन्यावर आली होती.

चौथ्या दिवशी सकाळी महेबूबमामा घरी आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी. आमचं घर दचकू नये म्हणून दाराशी तीनदा खोकले.

"अण्णा, माझं भूत तुमच्या पोरीला लागलंय म्हणं. तसं आसंल तर उतरवायचं काम बी माझंच."

"महेबूबभाई, तुमचं काय न्हाय हो. लोकास्नी भ्यावं लागतं."

आईनं चहा दिला. कप हातात धरून मामा म्हणाले, "आमच्या बंगल्यातनं लेकरं रडत भाईर यायची. म्होरं बाप हुबा आसायचा. त्याच्या कडंवर गेलं की लेकरू गप. म्या आतनं रोज बघायचो." मामांनी चहाचा एक घोट घेतला. "मला लेकरू न्हाय, अण्णा. दुसऱ्याची बी माझ्यापसनं पळालीच. ही पोरगी तेवढी रोज आपल्या पायानं यायची. तिला धाडा. तुमी भिऊ नगासा."

मामा चहा संपवून गेले.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कामाला जाताना सायकल थांबवली आणि मला म्हणाले, "बस मागं." आडवाटेनं जाता आलं असतं, तरी त्यांनी सायकल भर पेठेतून घेतली. पारावरच्या कुणीतरी हटकलं, "पोरीला घिऊन कुठं निघालाव?"

"भूतबंगल्यात," अण्णा म्हणाले. एवढ्या मोठ्यानं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

मामा दारातच उभे होते. आत जाऊन त्यांनी माझी खुर्ची पुसली.

त्या उन्हाळ्यात मी बी.ए. पास झाले. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली.